जार शेजारीच आहे, तरी जावाला दिसत नाही: काट्याच्या कंप्युटरवरचा घोळ

राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसणाऱ्या भावाने विचारलंय. काटापट्टीचा प्रोग्राम त्यांनी स्वतःच जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला आहे: भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ कापूस, आणि संध्याकाळी मालकासाठी दिवसभराच्या आवकेची एक्सेल फाइल. घरच्या लॅपटॉपवर एक्लिप्समध्ये (प्रोग्राम लिहायचं साधन) सगळं चालतं. जार (प्रोग्रामच्या सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) बनवून जिनिंगच्या कंप्युटरवर नेली की डबल-क्लिकला काहीच होत नाही. कमांड प्रॉम्प्टवरून 'जावा -जार काटा.जार' दिलं की नोक्लासडेफफाउंडएरर, आणि पुढे अपाचे पीओआय या एक्सेल फाइली बनवणाऱ्या तयार लायब्ररीतल्या एका क्लासचं (कोडच्या तुकड्याचं) नाव. पीओआयची जार त्याच फोल्डरमध्ये ठेवली, तरी तेच. क्लासपाथ व्हेरिएबल लावला, तरी तेच. जावा काढून पुन्हा टाकली, तरी तेच. जिनिंगवर नेट असून नसल्यासारखं, आणि दसऱ्याला पंधरा दिवस राहिले.

मी देवळीकडचा. गेली चौदा वर्षं वर्धा-यवतमाळ भागातल्या जिनिंग, कृषी केंद्रं आणि दूध संकलनाच्या ठिकाणी असलेच छोटे प्रोग्राम लावून देतो, म्हणून हे दुखणं ओळखीचं आहे. (मोबाइलवर मराठी कीबोर्डने लिहितोय, त्यामुळे आज्ञा आणि फाइलींची नावंही देवनागरीतच येतील. तुम्ही टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.)

भाऊ, जार तुमच्याजवळ आहे. जावा तिच्याकडे पाहतच नाही, एवढाच घोळ आहे.

जावा फोल्डरमध्ये इकडेतिकडे हुडकत बसत नाही. तिला क्लासपाथ म्हणून एक यादी द्यावी लागते. त्या यादीत नाव नसलेली जार तिच्या नाकासमोर ठेवली तरी तिच्या लेखी ती नाहीच. एक्लिप्समध्ये तुम्ही हिरवं बटण दाबता तेव्हा बिल्ड पाथमधल्या सगळ्या जार गोळा करून ही यादी एक्लिप्सच बनवतो आणि जावाच्या हातात देतो. तुम्हाला ती कधी दिसत नाही, म्हणून ती आहे हेच लक्षात येत नाही. जिनिंगच्या कंप्युटरवर एक्लिप्स नाही, म्हणजे यादी करणारा कारकूनच गैरहजर.

मग क्लासपाथ व्हेरिएबल का चालला नाही? इथे जवळपास सगळेच अडकतात, मीही अडकलो होतो. '-जार' लावून प्रोग्राम सुरू केला की जावा तो व्हेरिएबल वाचतच नाही. त्याच ओळीत '-सीपी' लिहून यादी दिली तरी तीही बाजूला ठेवते, आणि तसं केल्याचं सांगतही नाही. अशा वेळी ती दोनच गोष्टी मानते: ती जार स्वतः, आणि त्या जारच्या पोटातल्या मॅनिफेस्ट फाइलीत 'क्लास-पाथ' या ओळीत लिहिलेली नावं. तुमच्या मॅनिफेस्टमध्ये ती ओळ नाही, म्हणून बाहेर काहीही केलं तरी फरक पडत नाही. डबल-क्लिक म्हणजेही '-जार'च, फक्त तिथे 'जावाडब्ल्यू' चालते. तिला काळी खिडकी नसते, त्यामुळे एरर येतो पण बहुतेक वेळा दाखवायला जागाच नसते. जोवर दुरुस्ती चालू आहे तोवर डबल-क्लिक विसरा.

आणि तो व्हेरिएबल काढून टाका. तो लावला की चालू फोल्डर आपोआप धरणं जावा बंद करते, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच कोण्या प्रोग्रामला 'मेन क्लास सापडत नाही' असा एरर आला की कोणाला या व्हेरिएबलची आठवणही राहत नाही.

आता उपाय. एक्लिप्समधूनच करायचं तर एक्सपोर्टमध्ये साधी जार न निवडता 'रनेबल जार' निवडा. तिथे लायब्ररींचं काय करायचं याचे तीन पर्याय येतात. तिसरा पर्याय लायब्ररी शेजारच्या उपफोल्डरमध्ये ठेवण्याचा आहे. तो घेतलात तर 'काटा_लिब' असं फोल्डर तयार होतं आणि मॅनिफेस्टमध्ये त्यातल्या प्रत्येक जारचं नाव एक्लिप्स स्वतः लिहितो. मग 'जावा -जार' चालतं, डबल-क्लिकही चालतं. मात्र जार आणि ते फोल्डर दोन्ही सोबतच न्यायचं. नेटबीन्सवाल्यांचंही (एक्लिप्ससारखंच दुसरं साधन) असंच होतं. त्याच्या 'डिस्ट' फोल्डरमध्ये जार आणि 'लिब' अशा दोन गोष्टी असतात, पोट्टे पेन ड्राइव्हवर फक्त जार नेतात, आणि मग रात्री नऊला फोन.

मी स्वतः मात्र वेगळं करतो. एक फोल्डर, समजा डी ड्राइव्हवर 'काटा'. त्यात काटा.जार, 'लिब' नावाचं फोल्डर, आणि 'सुरू.बॅट' नावाची बॅच फाइल. बॅच फाइलीत तीनच ओळी:

सीडी /डी "%~डीपी0"
जावा -सीपी "काटा.जार;लिब\*" काटा.मेन 2>> एरर.टीएक्सटी
पॉज

पहिली ओळ सांगते, ही बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे आधी जा. ही नसली तर डेस्कटॉपवरून किंवा टास्क शेड्युलरमधून सुरू करताना जावा 'लिब' भलत्याच ठिकाणी शोधते. दुसऱ्या ओळीत यादी आहे. विंडोजवर दोन नावांमध्ये अर्धविराम, लिनक्सवर त्या जागी कोलन. 'लिब\*' म्हणजे त्या फोल्डरमधल्या सगळ्या जार. तारा एकटाच लिहायचा, पुढे '.जार' जोडलं की चालत नाही. 'लिब'च्या आत आणखी फोल्डर करून जार ठेवल्या तर त्या धरल्या जात नाहीत. अवतरणचिन्हं सोडू नका, आपल्याकडे अर्ध्या कंप्युटरवर सगळं काही 'न्यू फोल्डर (2)'मध्ये असतं, आणि त्या नावातल्या रिकाम्या जागेवर आज्ञा तुटू शकते. शेवटी 'काटा.मेन' म्हणजे तुमच्या मेन क्लासचं पॅकेजसकट पूर्ण नाव. '2>>' मुळे सगळे एरर एका फाइलीत साठत जातात. ते का हवं, ते पुढे सांगतो.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, सगळ्या लायब्ररी एकाच मोठ्या जारमध्ये भरून टाका. हे परिस्थितीवर आहे. दहा ठिकाणी प्रोग्राम द्यायचा असेल, आणि तिथला ऑपरेटर जागा मोकळी करताना 'हे लिब कायले पाहिजे' म्हणून फोल्डर उडवणारा असेल, तर एकच जार बरी. पण तुमच्यासारख्या ठिकाणी सीझनभर किरकोळ बदल होत राहतात. आज पट्टीवर वाणाचं नाव, उद्या ओलाव्याचा रकाना. सुट्या लायब्ररी ठेवल्या तर प्रत्येक वेळी फक्त तुमची शे-दोनशे केबीची काटा.जार बदलायची. मोठी जार दर वेळी वीस-पंचवीस एमबीची न्यावी लागते, तीही पेन ड्राइव्हवरच, कारण जीमेल .जार फाइल जोडू देत नाही, झिप करून दिली तरी ओळखते. शिवाय एकत्र करताना दोन लायब्ररींतल्या सारख्या नावाच्या छोट्या फाइली एकमेकींवर पडतात. मग डेटाबेसचा ड्रायव्हर आत असूनही 'नो सूटेबल ड्रायव्हर' येतो, आणि अख्खा दिवस त्यात जातो.

बॅच फाइल चालवण्याआधी एक तपासणी करा. कमांड प्रॉम्प्टवर 'वेअर जावा' टाइप करा. विंडोज त्या कंप्युटरवरच्या पाथमधल्या सगळ्या जावा क्रमाने दाखवतो, चालते ती पहिली. तुम्ही जावा काढून पुन्हा टाकलीत म्हणता, पण काढलेली आणि चालणारी एकच होती का? मग 'जावा -व्हर्जन'. त्यात '64-बिट' हे शब्द दिसतात का तेवढं पाहून ठेवा, नसतील तर ती 32-बिट आहे. हे लागेल.

याच टप्प्यावर अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर भेटू शकतो. तो लायब्ररी हरवल्याचा नसतो. तुमच्या लॅपटॉपवर जावा नवी आणि जिनिंगवर जुनी, असं झालं की तो येतो. त्यात क्लास फाइलीचा आकडा लिहिलेला असतो. त्यातून 44 वजा केले की जावाची आवृत्ती मिळते. 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17. जिनिंगचा कंप्युटर जुना 32-बिट विंडोजचा असेल तर भांडत बसू नका, एक्लिप्समध्ये कंपायलर लेव्हल 1.8 करा आणि पुन्हा जार काढा. पीओआयला 4.0 पासून जावा 8 पुरते, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही.

उलटा प्रकारही होतो. जावा 8 वर वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्राम नव्या कंप्युटरवर जावा 11 किंवा 17 टाकली की 'जावाएक्स/एक्सएमएल/बाइंड' असं काहीतरी सापडत नाही म्हणतो. तिथे तुमची काही चूक नसते. पूर्वी तो भाग जावासोबतच यायचा, 2018 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या जावा 11 ने तो बाहेर काढला. आता तो वेगळ्या जारने आणावा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे. यादी नीट दिलीत की पीओआयचा एरर जाईल, आणि त्याच्या जागी दुसरा येईल. घाबरू नका, हे पुढे सरकणंच आहे. जावा सगळे क्लास सुरुवातीला उघडून पाहत नाही. ज्याची गरज पडली तो तेव्हा शोधते. म्हणून एकदम दहा जार कमी असल्या तरी एरर एकाच नावाचा येतो. ती दिली की दुसरीचा, मग तिसरीचा. याचीच दुसरी बाजू जास्त त्रासाची आहे: स्क्रीन उघडेल, वजन येईल, पट्टी छापली जाईल, सगळं छान, आणि संध्याकाळी सात वाजता 'एक्सेल काढा' दाबल्यावर प्रोग्राम आडवा होईल. कारण पीओआयच्या बाकीच्या जारची खरी गरज त्या बटणामागेच आहे.

पीओआयचं कुटुंब मोठं आहे. जुन्या .एक्सएलएस फाइलीपुरतं काम थोडक्यात भागतं. नवी .एक्सएलएसएक्स हवी असली की पीओआय-ओओएक्सएमएल लागते, ती एक्सएमएलबीन्स मागते, मग कॉमन्स-कॉम्प्रेस, कॉमन्स-कलेक्शन्स4, कॉमन्स-आयओ, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत लॉग4जे-एपीआय. पीओआय-ओओएक्सएमएल सोडली तर यातलं काहीही तुम्ही स्वतःच्या कोडमध्ये वापरलेलं नसतं, म्हणून कंपायलर तक्रार करत नाही. चालवताना मात्र प्रत्येक जण आपापला मानपान मागतो, लग्नात व्याही मागतात तसा.

एकेक एरर वाचून एकेक जार गूगलवरून आणायची, ही सवय मोडा. त्यात आवृत्त्यांची खिचडी होते. पीओआय 3.17 आणि पीओआय-ओओएक्सएमएल 5.2 एकाच 'लिब'मध्ये पडल्या की नोक्लासडेफच्या जागी नोसचमेथडएररही येऊ शकतो. म्हणजे क्लास सापडला, पण हवं ते काम त्याला येत नाही, कारण तो दुसऱ्याच आवृत्तीतला आहे. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या 'लिब'मध्ये राहिल्या तर त्याहून वाईट. तारा लिहून यादी दिली की जार कोणत्या क्रमाने घेतल्या जातील याची जावा हमी देत नाही. लॅपटॉपवर नवी आधी लागते, जिनिंगवर जुनी, आणि फोल्डर तर तेच कॉपी केलेलं. जुनी जार 'असू दे, राहू दे' म्हणून ठेवू नका, काढून टाका.

यासाठी मेव्हन (लागणाऱ्या लायब्ररी आणून देणारा प्रोग्राम) वापरा. एकदा शिकायला संध्याकाळ जाते, पुढे कायमचा त्रास वाचतो. प्रोजेक्टच्या पॉम फाइलीत फक्त पीओआय-ओओएक्सएमएलचं नाव आणि आवृत्ती लिहायची, तिचं सगळं गणगोत मेव्हन स्वतः जुळत्या आवृत्त्यांत आणतो. मग 'एमव्हीएन डिपेंडन्सी:कॉपी-डिपेंडन्सीज -डीइन्क्लूडस्कोप=रनटाइम' दिलं की 'टार्गेट' फोल्डरमधल्या 'डिपेंडन्सी' फोल्डरमध्ये नेमक्या लागणाऱ्या जार पडतात. त्या उचलून 'लिब'मध्ये. हे काम जिथे नेट धड आहे तिथे करा, यवतमाळला मित्राकडे किंवा घरी पहाटे. जिनिंगवर मेव्हन लागत नाही, फक्त तयार 'लिब' लागते.

नेट मध्येच गेलं तर दोन गोष्टी होतात. एक, मेव्हन अपयशाची नोंद करून ठेवतो आणि नंतर नेट आलं तरी काही काळ पुन्हा प्रयत्नच करत नाही. आज्ञेला '-यू' जोडलं की नव्याने पाहतो. दुसरी जास्त फसवी आहे. सार्वजनिक वायफायवर किंवा मोबाइलच्या ब्राउझरने जार उतरवली आणि मध्ये लॉगिनचं किंवा 'डेटा संपला' असं पान आलं, तर ते पानच जारच्या नावाने सेव्ह होतं. नाव बरोबर, आत वेबपान. आकार पाहा: पीओआय-ओओएक्सएमएल काही एमबीची असते, तुमची 14 केबी असेल तर ती जार नाही. नोटपॅडमध्ये उघडली तर खऱ्या जारची पहिली दोन अक्षरं 'पीके' दिसतात, कारण जार म्हणजे झिपच, आणि झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं आहेत. सेव्हन-झिपने उघडून हवा तो क्लास खरंच आत आहे का, हेही पाहता येतं. त्यासाठी जिनिंगवर जेडीके (जावात प्रोग्राम बनवायचा संच) टाकायची गरज नाही.

इथे माझं मत सांगून टाकतो. रोजची आवक म्हणजे गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, एवढंच असेल तर मी पीओआय काढून टाकलं असतं. स्वल्पविरामांची साधी सीएसव्ही फाइल जावात कोणत्याही लायब्ररीशिवाय लिहिता येते आणि एक्सेल ती उघडतो. मराठी नावं चौकोन किंवा कचरा दिसू नयेत म्हणून फाइल यूटीएफ-8 मध्ये लिहा आणि सगळ्यात आधी बीओएम चिन्ह (फाइल यूटीएफ-8 आहे हे एक्सेलला सांगणारं) टाका. रंगीत रकाने, सूत्रं, महिन्याचे वेगवेगळे शीट हवे असतील तर मग पीओआयला पर्याय नाही.

राहिला काटा. तुम्ही लिहिलं नाही, पण इंडिकेटरवरून (काट्याचे आकडे दाखवणाऱ्या डब्यावरून) वजन थेट घेत असाल तर सिरियल पोर्टची लायब्ररी असणार, आणि माझी सगळ्यात वाईट रात्र त्याच लायब्ररीपायी गेली आहे. हिंगणघाटच्या पुढच्या एका जिनिंगवर, डिसेंबरात. मालकाने नवा कंप्युटर घेतला, जुना प्रोग्राम आरएक्सटीएक्स ही सिरियल पोर्टची लायब्ररी वापरणारा. मला बोलावलं तेव्हा फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॉल्या लागलेल्या, ड्रायव्हर शेकोटीभोवती. काट्याच्या खोलीत कीबोर्डवर रुईचा थर, इंडिकेटरवर लाल आकडे व्यवस्थित बदलतायत, आणि स्क्रीनवर 'वजन घ्या' दाबलं की नोक्लासडेफफाउंडएरर. मी आरएक्सटीएक्सची जार बदलली. पुन्हा बदलली. पेन ड्राइव्हवरची तिसरी टाकून पाहिली. बंडीवर बसलेले एक आजोबा खिडकीत डोकावून म्हणाले, "काटा बिघडला का भाऊ, का कंप्युटरच?"

चूक अशी होती की मी एररचं नाव वाचत होतो, वाक्य वाचत नव्हतो. नावापुढे लिहिलं होतं 'कुड नॉट इनिशियलाइझ क्लास'. याचा अर्थ क्लास सापडला आहे, पण तो सुरू होताना मागे एकदा पडला, आणि आता जावा त्याला हात लावायला तयार नाही. खरा एरर पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा येऊन गेलेला असतो. ऑपरेटरने मी येईपर्यंत तीस वेळा बटण दाबलं होतं, त्यामुळे काळ्या खिडकीत हा दुसरा एररच भरलेला. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, एकदाच बटण दाबलं, आणि वर दिसलं: अनसॅटिस्फाइडलिंकएरर, 'कान्ट लोड आयए 32-बिट डीएलएल ऑन अ एएमडी 64-बिट प्लॅटफॉर्म'. ऑपरेटर म्हणाला, आपला तर इंटेल आहे. खरं आहे, पण 64-बिटची ही रचना आधी एएमडीने आणली म्हणून जावा तिला त्याच नावाने ओळखते.

आरएक्सटीएक्सचं काम जारवर भागत नाही, सोबत एक डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) लागते, ती क्लासपाथमध्ये नाही तर 'जावा.लायब्ररी.पाथ'मध्ये शोधली जाते, आणि तिचे बिट जावाच्या बिटांशी जुळावे लागतात. विंडोजच्या नव्हे, जावाच्या. त्या रात्री पेन ड्राइव्हवर 32-बिट जावा 8 होती, ती टाकली आणि काटा सुरू झाला. नंतर त्या मालकाला प्रोग्रामच जेसिरियलकॉमवर करून दिला. त्या लायब्ररीच्या जारमध्येच वेगवेगळ्या यंत्रांसाठीचे तुकडे असतात आणि लागणारा तुकडा ती स्वतः काढून घेते. नवीन लिहीत असाल तर तीच घ्या. आधीच आरएक्सटीएक्स असेल आणि चालत असेल तर पंधरा दिवसांवर सीझन असताना बदलू नका, फक्त बिट जुळवा.

त्या रात्रीपासून बॅच फाइलीत '2>>' आहे. पहिला एरर फाइलीत राहतो.

म्हणजे वाचताना क्रम असा: नोक्लासडेफफाउंडएररपुढे नुसतं क्लासचं नाव असेल (तिरप्या रेघांनी तोडलेलं) तर यादी तपासा. 'कुड नॉट इनिशियलाइझ' असेल तर वर जाऊन पहिला एरर शोधा. क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन एकटाच आला असेल तर बहुतेक तुमच्याच कोडमध्ये कुठेतरी क्लासचं नाव अवतरणात लिहिलेलं असतं. मायएसक्यूएल डेटाबेसच्या ड्रायव्हरचं नाव असं लिहून ठेवणारे खूप आहेत, नव्या ड्रायव्हरच्या नावात मध्ये 'सीजे' आहे, ते नाव जुन्या जारमध्ये सापडत नाही. आणि तरीही कळलं नाही तर आज्ञेत 'जावा'च्या पुढे '-व्हर्बोज:क्लास' टाका आणि सगळं एका फाइलीत वळवा. कोणता क्लास कोणत्या जारमधून उचलला हे जावा ओळीओळीने लिहून देते. भलत्याच फोल्डरमधली जुनी जार लागत असेल तर इथे पकडली जाते.

आता पंधरा दिवसांत करायचं ते. घरी एक्लिप्स बंद, नेट बंद. 'काटा' फोल्डर दुसऱ्याच ड्राइव्हवर कॉपी करून तिथून 'सुरू.बॅट' चालवा आणि एकही बटण सोडू नका: वजन, छपाई, पट्टी रद्द, एक्सेल. तिथे एररची फाइल रिकामी राहिली की मगच पेन ड्राइव्हवर घ्या, आणि त्यावर 32-बिट आणि 64-बिट दोन्ही जावाचे इन्स्टॉलर ठेवा. जिनिंगवर तीच तालीम पुन्हा. काट्याची वायर यूएसबी कन्व्हर्टरवरून असेल तर ती नेहमी त्याच पोर्टला लावा, नाहीतर कॉम नंबर (विंडोज त्या पोर्टला देतो तो) बदलू शकतो आणि तुम्ही पुन्हा लायब्ररीला दोष द्याल.

अडलंच तर 'वेअर जावा' आणि 'जावा -व्हर्जन'चा फोटो, 'लिब' फोल्डरमधल्या नावांचा फोटो, आणि एरर.टीएक्सटीच्या पहिल्या वीस ओळी इथे टाका. शेवटच्या वीस नकोत.